पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव

मोहटोली, अड्याळजवळ, जि. भंडारा
२१ जानेवारी २०२४

चि. खुशबू हिले आबाजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. पहिले तब्येतीचं. दिवसभर उभं राहून तुझ्या पायावर सूज येत होती, ती उतरली का? मिठाच्या कोमट पाण्यात पाय टाकून बसजो, लाजू नको. तुझ्या खोलीतल्या नांदेडच्या पोरीले टायफाइड झाला होता, ती भात खाऊ लागली का? घरमालकीणबाईचा गुडघा कसा आहे? इकडे तुझ्या आजीचा खोकला थांबला आहे, पण ती कबूल करत नाही. कबूल केलं तर काढा बंद होईन आणि त्यातला गूळ बी. तुझा बाप हेमराज वरठीच्या कारखान्यात ड्युटी करून करून कमरेत वाकला आहे. तुझी आई रिता बरी आहे. तुझ्या धाकट्या बहिणीची, नीतूची, दाढ उपटली. माझं म्हणशीन तर कान सोडून बाकी सामान जागेवर आहे. फोन कानाले लावला की मले नुसतं डबक्यात बेडकं उड्या मारल्यासारखं ऐकू येते, समोरच्याचे ओठ वाचता येतात, फोनले ओठ नाही, म्हणून तुले हा कागदाचा त्रास. तू जवान पोट्टी असून म्हाताऱ्याले पत्रं लिहितेस, तुझ्या कंपनीतले हसत असतीन. हसू दे.

संक्रांत झाली आणि मोठ्या तलावाचं जाळं ओढलं. मासोळ्यांचे वाटे तलावाच्या पाळीवर, बांधावर मांडले, घरागणिक एक, आणि मले वाट्यांकडे पाठ करून बसवलं. तुले आठवते ना? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं, म्हणजे कोणाले मोठा वाटा गेला, कोणाले बारका, हे भांडण राहत नाही. मागचा माणूस विचारते, हा कोणाचा? मले आता ऐकू येत नाही म्हणून लिलाधर पाठीत बोट टोचते. टोच बसली की मी एक नाव घेतो. माझा हा पुतण्या मासेमार सोसायटीचा अध्यक्ष झाला, पण त्याची टोचायची खोड लहानपणचीच.

छत्तीस टोच बसले. तू लहान होती तेव्हा साठावर बसत होते, पाठ दुखून येत होती. गाव सोडून गेला त्याचं नाव घ्यायचं नाही असा आपला नेम आहे. हेमराज वरठीले राहाले गेला त्या सालापासून त्याचं नाव माझ्याच तोंडून गळलं. बापानं पोराचं नाव वगळायचं. बरं झालं, पाठमोरा होतो.

तू मागच्या पत्रात विचारलं की तलावात सोडायची मासोळीची पिल्लं आपण दरसाल एवढ्या दुरून काहून आणतो. मी तुझा प्रश्न लिलाधरले वाचून दाखवला. तो म्हणे, आणतो म्हणून आणतो. गाडीत, प्लास्टिकच्या पिशव्यात येतात बिचारी, उन्हानं निम्मी पोट वर करतात. आणि आपली घरामागची बोडी, एवढंसं तळं, दहा वर्षांपासून गवत खाऊन झोपली आहे. पिल्लं वाढवाले मोठा तलाव लागत नाही, राखणारं माणूस लागते. साकोलीच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकताना तू तीन वर्षं मासोळ्या कापल्या. आता एखादी वाढवून पाहा.

इथले पोट्टे म्हणतात, गावात काय ठेवलं आहे. मी म्हणतो, बापू, ठेवलं तर काहीच नाही. गावात ठेवलेलं नसते, मांडा लागते. तू मांडून पाहशीन असं मले वाटते. हे हेमराजले सांगू नको, तो मले बोलीन आणि मी ऐकणार नाही.

मायेची वाट गवतानं बुजू देऊ नको. पत्र टाकजो.

तुझा आबाजी,
धनीराम


पुणे
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आबाजी आणि आजी यांना खोलीतूनच वाकून नमस्कार.

वि. वि. पायाची सूज उतरली. नांदेडची मैत्रीण भात खाते आणि आता माझाही खाते. घरमालकीणबाईंना मी तुमचा प्रश्न सांगितला. त्यांच्या गुडघ्याची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच, त्यांच्या सुनेनेही केली नाही, म्हणून त्यांनी मला एक वाटी खीर दिली. म्हणजे तुमच्या पत्राची खीर मी खाल्ली.

आबाजी, एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. आमच्या गोदामात पट्ट्यावरून खोके येतात. मी प्रत्येकाचा पत्ता मशीनला दाखवते आणि पुढे ढकलते, नागपूर इकडे, सुरत तिकडे. गेल्या महिन्यात एका खोक्यावर अड्याळ लिहिलेलं आलं. कोणाचं होतं माहीत नाही, आत बहुतेक चपला होत्या. मी ते हातात धरून उभी राहिले. मागचे खोके अडले, पट्टा थांबला, साहेब धावत आला. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पत्ता नीट दिसत नाही. इतका नीट दिसणारा पत्ता त्या दिवशी दुसरा नव्हता.

मी चौथीपर्यंत तुमच्याजवळ होते. दुपारी आजी झोपली की मी बोडीच्या काठावर जाऊन बसायची आणि पाण्यात पाय सोडायची. बारके मासे येऊन बोटं चावायचे. इथे उभी असते तेव्हा पायांना तेच आठवतं.

तर आता नीट उत्तरं द्या. बोडीत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? कमरेएवढं की छातीएवढं? आत मरळ आहे का? ती राहिली तर एक पिल्लू ठेवणार नाही, उन्हाळ्यात बोडी पूर्ण आटवावी लागेल. बोडीतून तलावात उतरणाऱ्या नालीला जाळी बसेल का? लिलाधरकाकांना विचारा की पिल्लं गावातच मिळाली तर सोसायटी घेईल का, की आणतो म्हणून आणतीलच.

होळीला येते. बघायला. फक्त बघायला, आजीला सांगून ठेवा, नाहीतर ती माझं अंथरूण कायमचं घालेल.

तुमच्या जिव्हाळ्यावर हक्क सांगणारी,
खुशबू


वरठी
१० एप्रिल २०२४

तीर्थरूप बाबांना हेमराजचा साष्टांग नमस्कार.

आईचा खोकला कसा आहे? तिला दवाखान्यात न्यायचं असेल तर कळवा, मी मोटरसायकलने येईन.

खुशबू होळीला चार दिवस म्हणून आली आणि नोकरी सोडून बसली. तुमचं तिला काय लिहिणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण मला सांगायची गरज नाही. मी वरठीला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं तुमची पत्रं मलाही येत होती. तलावात कमळ किती फुललं, लाखोरीची भाजी कशी झाली, कोणत्या झाडावर बगळे बसले. वाचून ड्युटीवर जावंसं वाटायचं नाही. मग मी उघडणं बंद केलं. बाकीची तशीच बंद ट्रंकेत आहेत.

बाबा, मी बारा वर्षांचा असल्यापासून थंडीत तुमच्यासोबत छातीभर पाण्यात उतरलो. तसाच शाळेत जायचो. हाताला खवले चिकटलेले असायचे. बाकावर शेजारचा मुलगा सरकून बसायचा. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लोखंडाचं काम जड आहे, पण लोखंडाला वास नसतो. मुलीला शिकवलं ते तिने त्या वासात परत यावं म्हणून नाही.

ती ऐकत नाही, तुमच्यावर गेली आहे. म्हणून मी एकच हंगाम देतो. दिवाळीपर्यंत तिचं तिला जमलं तर मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर ती पुण्याला परत जाईल, हे तिने कबूल केलं आहे. आणि त्यानंतर तुम्ही तिला पत्र लिहायचं नाही. हे तुमच्याकडून कबूल पाहिजे. तिला हे दुसरं सांगू नका, रडेल.

रागाने लिहिलं नाही. आशीर्वाद कमी करू नका.

आपला,
हेमराज


मोहटोली
४ ऑगस्ट २०२४

चि. हेमराज यास बाबाचे आशीर्वाद.

वि. वि. तुझी कंबर कशी आहे? रिताले सांग, एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांध म्हणा. तुझी अट मी एप्रिलातच कबूल केली, आता बी कबूल आहे. शाळेतल्या त्या बाकाचं तू लिहिलं, ते मी चारदा वाचलं. त्यावर काय लिहू ते सुचलं नाही. अजून सुचलं नाही.

पोरीचं सांगतो. उन्हाळ्यात तिनं बोडी आटवली. चिखलात उतरून मरळ हातानं धरून काढली, एकीनं तिची करंगळी फोडली. गवत काढलं, चुना मारला, शेण टाकलं. पाळीवर बसलेले सारे पाहत होते. लिलाधर म्हणे, काका, तुमची नात तर मासोळीचं वासरू पाळाले निघाली, आता दूध कोण काढीन? खुशबू चिखलातूनच बोलली की काका, दावणीले पहिले तुम्हाले बांधीन, मग वासराचं पाहीन. सारे हसले. मले नीतूनं कागदावर लिहून दाखवलं, मग मी बी हसलो, सगळ्यांच्या मागून.

जुलैत तिनं पिल्लं आणली. रोहू, कतला, मिरगल. पिल्लं कायची, जिरे म्हणतात त्यांले, आणि दिसतात बी जिऱ्यासारखेच. पाण्यात सोडले तर मले एक बी दिसला नाही. मी म्हणलं, पोरी, नुसतं पाणी घेऊन आली का? आता बोटाएवढे झाले आहेत. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप कालवून देते, तर पाणी उकळल्यासारखं उसळते. बगळे येऊ नये म्हणून आजीच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या दोरीवर बांधल्या आहेत. आजी म्हणते, माझं अर्धं आयुष्य बोडीवर वाळत घातलं.

आपल्या सोसायटीनं यंदा बाहेरून पिल्लं आणली नाही. तलावात सोडाले हिचीच घेणार, असं लिलाधरनं सभेत लिहून घेतलं. साकोलीकडच्या दोन सोसायट्याही विचारून राहिल्या. पोळा झाला की पिल्लं निघतीन.

आणि एक. संध्याकाळी काम झालं की ती हात धुते, साबणानं, दोनदा. मग वास घेते आणि हसते. मी विचारलं काहून हसतेस. तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, "आवडतो." तुले सांगावं वाटलं म्हणून लिहिलं.

माया पातळ करू नको. एखाद्या रविवारी येऊन जा.

बाबा


मोहटोली
२२ सप्टेंबर २०२४

चि. हेमराज यास आशीर्वाद.

वि. वि. परवा तूच खुशबूले स्टेशनावर सोडलं. ती पोचली असीन. गाडीत जागा मिळाली का? जाताना तिनं काही खाल्लं का? इथून ती उपाशीच निघाली होती.

नीतू आली होती. ती सांगे की दीदीनं बाबाले सांगितलं, जाळी सडली होती, पाण्याच्या जोरानं फाटली. हेमराज, हे खोटं आहे. जाळी नवी होती. ती मी काढली, या दोन हातांनी.

तुले आपली रीत माहीत आहे. तलाव तुडुंब भरला आणि जास्तीचं पाणी सलंगाच्या सांडव्यावरून बाहेर पडू लागलं की मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं बोड्यांची तोंडं उघडायची. वरच्या बोड्यांचं पाणी तलावात उतरते, खालची मासोळी वर चढते, पाण्याले पाणी भेटते. माझ्या बापानं केलं, त्याच्यामागं मी करून राहिलो. गेल्या तीन साली तलाव भरलाच नाही. त्या मंगळवारी भरला. खुशबू सकाळच्या गाडीनं साकोलीले गेली होती, पिल्लं कधी द्यायची ते ठरवाले. मी पाळीवर आलो आणि सलंगावरून पांढरं पाणी पडताना पाहिलं. तीन वर्षांनी, हेमराज. मले ऐकू आलं नाही, पण पायाखाली पाळ थरथरत होती, ते समजलं. मी नारळ फोडला. कवडूच्या बोडीचं तोंड उघडलं, श्यामरावच्या बोडीचं उघडलं, आणि तसाच चालत आपल्या बोडीवर आलो. खुट्या उपटल्या, बांबूची ताटी काढली, जाळी गुंडाळून नीट बाजूले ठेवली. नीट, घडी करून. हात काम करत होते आणि डोकं बापाच्या जमान्यात होतं.

तुझी माय काठावरून ओरडून राहिली होती. मले दिसली. हात वर करून ओरडत होती. मले वाटलं, आनंदानं. मी बी हात वर केले.

मग नालीत पाहिलं तर पाणी चांदीचं झालं होतं. तिची सारी पिल्लं न मोजता, न विकता तलावात निघून गेली.

खुशबू दुपारी आली. बोडीत उतरून पाहिलं, मग पाळीवर जाऊन तलावाकडं तोंड करून बसली. मी जवळ गेलो तर सरकली आणि मले बसाले जागा दिली. शिव्या दिल्या असत्या तर मले ऐकू आल्या नसत्या, पण तोंड पाहून समजल्या असत्या. तिनं ते बी केलं नाही. आजीनं सांगितलं, पुढच्या साली पाहू. ती म्हणे, बाबाले शब्द दिला आहे.

मी बी दिला आहे. आजपासून तिले लिहिणार नाही. तू तिले विचारजो, पायाले सूज येते का. मले सांगू नको, फक्त विचारजो.

तुझ्या मनातली माझी जागा काढून टाकू नको.

बाबा


पुणे
३ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजी आणि आजी यांना सप्रेम नमस्कार.

वि. वि. दोघांची तब्येत कशी आहे? आजीचा खोकला? तुमचे कान सोडून बाकी सामान? मी बरी आहे. मला जुनीच जागा मिळाली, तोच पट्टा, तोच साहेब.

दिवाळी झाली. तुमचं पत्र आलं नाही. चौथीनंतर मी वरठीला गेले तेव्हापासून एकही दिवाळी तुमच्या पत्राशिवाय गेली नाही. घरमालकीणबाई रोज विचारतात, आले का तुझे आबाजी? मी सांगते, वाटेत असतील.

तुम्ही लाजून लिहीत नसाल तर ऐका. नाही, वाचा. मी तुमच्यावर रागावलेली नाही. मी माझ्यावर रागावले आहे. ती रीत मला माहीत होती. लहानपणी तुमच्या मागे नारळ धरून मीच चालायची. मला एवढंच करायचं होतं की जाळीवर एक पाटी लावायची. तुम्हाला ऐकू येत नाही, पण वाचता तर येतं. बसच्या पाट्या आणि खताच्या पोत्यांवरून शिकलेला माणूस माझी पाटी वाचल्याशिवाय पुढे गेला नसता. मला वाटलं, घरच्या माणसाला कशाला लिहून सांगायचं. बाबांना मी जाळी सडल्याचं सांगितलं आहे. तुम्ही त्यांना काही सांगू नका.

त्या दिवशी पाळीवर बसले होते तेव्हा रडू येत होतं. पण खरं सांगू? उन्हात पिल्लांचा थवा काठाकाठाने फिरत होता आणि वळला की चमकायचा. माझी आहेत, असं मोठ्याने म्हणावंसं वाटत होतं. पण तलावात गेलं ते सगळ्यांचं.

परवा पुन्हा अड्याळचं खोकं आलं. यावेळी धरलं नाही, लगेच पुढे ढकललं. धरलं असतं तर सोडलं नसतं.

लिहा. काहीही लिहा, बगळ्यांचं लिहा.

तुमची,
खुशबू


मोहटोली
२० नोव्हेंबर २०२४

चि. खुशबूले आजी यशोदाबाईकडून आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र माझं आहे, तुझ्या आबाजीचं नाही. मले लिहिता येत नाही म्हणून त्याचा हात उसना घेतला आहे. त्यानं आपल्या मनाचा एक शब्द घालायचा नाही अशी मी ताकीद दिली आहे. लिहून झालं की नीतू मले वाचून दाखवणार आहे.

म्हाताऱ्यानं तुले पत्र काहून लिहिलं नाही ते सांगते. तुझ्या बापानं त्याच्याकडून शब्द घेतला होता की तुझं जमलं नाही तर तुले लिहायचं नाही. आणि जाळीचं खरंखोटं त्यानं तुझ्या बापाले केव्हाच लिहून टाकलं. दोघं बी एकमेकांले वाचवाले निघालात आणि दोघं बी बुडालात, आता मी काय करू?

तुझं पत्र आलं तेव्हापासून तो ते उशीखाली घेऊन झोपते. (हे लिहिणाऱ्याले लिहायचं नव्हतं. मी लिहवून घेतलं.) जेवण कमी झालं आहे. चिन्नोरचा भात टाकला तरी ताटाकडं पाहत नाही. रोज सकाळी बोडीवर जाते, रिकाम्या पाण्यात कोंडा टाकते आणि परत येते. मी म्हणते, कोणाले चारून राहिले? तर म्हणते, हाताले सवय लागली. (इथं शाई पसरली आहे. त्याले पडसं झालं आहे.)

माझा खोकला बरा आहे, पण सांगू नको.

जेवत जाजो. आजीले विसरू नको.

यशोदाबाई
हस्ते, कोणीतरी


मोहटोली
२१ जानेवारी २०२५

चि. खुशबू हिले आबाजीचे आशीर्वाद.

मी लिहून राहिलो. मी, धनीराम. हात बी माझा, मन बी माझं. आजी बाजूले बसली आहे, पण तिचा एक शब्द यात नाही.

तुझे पाय कसे आहेत? नांदेडची पोरगी, घरमालकीणबाई, साऱ्यांचं कळवजो. एवढ्या दिवसांचं विचाराचं साचलं आहे, पण पहिले हे ऐक.

गेल्या हप्त्यात जाळं ओढलं. यंदा जाळं जड गेलं. तीन डोंगे लावून वल्हवलं तरी हलेना, कवडू म्हणे खाली झाडाचं खोड अडकलं असीन. काठाले आलं तर सारी जवान मासोळी. रोहू, कतला, मिरगल, वीत-दीड वीत, एका वयाची, शाळा सुटल्यासारखी. यंदा सोसायटीनं बाहेरून एक पिल्लू आणलं नव्हतं, हे साऱ्यांले माहीत होतं. रंभाबाईनं एक रोहू उचलून पाहिली आणि म्हणे, अंगावर यशोदाबाईच्या लुगड्याची छपाई दिसते का पाहा.

मग वाटे मांडले. मले पाठमोरं बसवलं. लिलाधर टोचत गेला, मी नावं घेत गेलो. छत्तीस नावं झाली. मी उठाले लागलो तर पाठीत अजून एक टोच बसला. मले वाटलं माझं एखादं नाव चुकलं. बोटावर पुन्हा घेऊन पाहिलं, चुकलं नव्हतं. पुन्हा टोच. जरा जोरात. लिलाधरले मी तोंडानं विचारलं, कोणाचं घर राहिलं रे? त्यानं उत्तर दिलं असीन तर मले ऐकू आलं नाही. तिसरा टोच बसला. तेव्हा माझ्या तोंडून आलं, "खुशबू."

मागं वळून पाहू नये अशी रीत आहे. मी एक रीत पाळून तुझं नुकसान केलं, म्हणून ही मोडली. वळून पाहिलं. सारा मोहल्ला उभा होता. सदतिसावा वाटा शेवटी मांडला होता, त्यात कतल्याची जोडी होती. गाव सोडलेल्याचं नाव आणि ते बी पोरीचं, आजवर पाळीवर कोणी घेतलं नव्हतं. पण कोणी हरकत घेतली नाही. आता प्रश्न असा की ज्याचा वाटा त्याच्या घरच्यानंच उचलायचा, आणि आमच्या घराचा एक तर आजीनं आधीच उचललेला, दुसरा चालत नाही. म्हणून तो तिथंच पडून.

तेवढ्यात माणसं बाजूले झाली. तुझा बाप मागं उभा होता. कारखान्याचा निळा शर्ट घालून, हेल्मेट हातात. केव्हा आला मले माहीत नाही, मोटरसायकल तर मले ऐकू येत नाही. चोवीस वर्षांनी तो जाळ्याले आला. खाली बसला, आणि हेल्मेटात तुझा वाटा भरला. उघड्या हातानं, एक एक. मासोळी हातातून निसटली तर छातीशी धरली. शर्ट खराब झाला. मी त्याचे हात पाहत होतो. त्या बाकावरच्या पोरासाठी जे सुचत नव्हतं ते मले तेव्हा सुचलं, मी त्याच्याजवळ सरकलो.

मग तो माझ्यासमोर बसला, आणि पाळीच्या ओल्या मातीवर बोटानं लिहिलं, "पत्र लिहा."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पुसू दिलं नाही. पोट्टे त्याच्यावरून उड्या मारून गेले.

नीतू सांगते, तो दिवाळीपासून दर रविवारी ट्रंकेतलं माझं एक जुनं पत्र उघडते. आता अठ्ठावीस उरले आहेत म्हणे.

लिलाधरनं सभा घेतली. पुढच्या हंगामाची पिल्लं मोहटोलीतलीच घ्यायची असं ठरलं. साकोलीवाल्यांनी बी निरोप पाठवला. तलाव भरला की तोंडं उघडायचीच, पण तुझ्या बोडीचं नाही, तू म्हणशीन तेव्हा. मी ताटी पुन्हा बसवली, जाळीले तार बांधली आणि पाटी लावली. माझ्याच अक्षरात आहे. "उघडू नये. धनीरामनं तर मुळीच नाही." येणारेजाणारे वाचून हसतात. हसू दे.

तुझा वाटा आजीनं मीठ लावून वाळवला आहे. पुण्याले पाठवू म्हणे, तर मी नाही म्हणलं. ये असं बी मी म्हणत नाही. ते मी एकदा म्हणून पाहिलं आणि तुले दोनदा प्रवास करा लागला. वाटा टांगून ठेवला आहे, चुलीच्या वर, धुरात. धुरातली मासोळी वाट पाहू शकते.

बोडीत अजून कमरेएवढं पाणी आहे. काल पाय सोडून बसलो होतो. काहीतरी चावलं.

पत्र लवकर लिहिजो. पोस्टमनची घंटी मले ऐकू येत नाही, म्हणून दुपारपासून मी दारातच बसून असतो.

तुझा आबाजी,
धनीराम